गडग्यापलीकडचा पत्ता

शांत्या, तुला पुरून परत येताना तुमच्या चर्चचे पाळक माझ्याबरोबर फाटकापर्यंत चालत आले. तरुण आहेत, चांगले आहेत, स्वतः भिजत होते नि छत्री माझ्या डोक्यावर धरत होते. म्हणाले, "काका, आपले मास्तर आता उत्तम जागी आहेत." मी विचारलं, "जागा कोणी बघून आलंय का?" त्यांना वाटलं, म्हातारा दुःखानं भ्रमलाय. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी ठेवू दिला, पण प्रश्न काही मागे घेतला नाही.

तुला यात नवीन काही नाही. उभा जन्म मी दस्त नोंदणीच्या कचेरीत काढला. जागा विकणारा गोड बोलायला लागला की माझी नजर आधी चतुःसीमेवर जायची. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, दक्षिणेला काय, उत्तरेला काय. ज्या जागेच्या चार बाजू कोणाला सांगता येत नाहीत ती एक तर वादात असते, नाहीतर समुद्रात असते. आणि तू भूगोलाचा मास्तर. पोरांकडून सह्याद्रीचे घाट पाठ करून घेणारा. पण त्या एका जागेचा नकाशा मागितला की नुसता हसायचास. "दामू, ती जागा मोजणीला येत नाही रे." मी म्हणायचो, जिथे मोजणी करू देत नाहीत तिथेच घोटाळा असतो. किती वर्षं आपण हेच बोललो. पलीकडे तुझी बाग, अलीकडे माझी, मधे तो चिऱ्याचा कंबरेएवढा गडगा. त्यावर आपण दोघं, आणि तुझ्या मार्थानं नाहीतर माझ्या सुमतीनं आणून ठेवलेला चहा.

एकदा तू फार खुशीत येऊन बायबलातल्या त्या नगराचं वर्णन करत होतास. सोन्याचे रस्ते, मोत्यांच्या वेशी. मी म्हटलं, सोन्याच्या रस्त्यावर आपल्याकडच्या पावसात माणूस दोन पावलं टाकेल नि आपटेल. त्यापेक्षा आपला जांभा बरा, पाय धरून ठेवतो. तू हसलास, आणि हसता हसता तुझ्या तोंडून निघून गेलं की तिथे समुद्र नसेल असंही लिहिलेलं आहे. निघून गेलं आणि तू स्वतःच चपापलास. खाली समोर समुद्र दिसत होता.

"नसेल म्हणजे?"

"म्हणजे नसेल. तसं लिहिलंय."

"मग बांगडा कुठला आणणार?"

रविवारची उपासना सुटली की त्याच इस्त्रीच्या कपड्यांत थेट मिरकरवाड्याला जाणारा माणूस तू. मासळीच्या पिशवीतून थेंब गळत गळत घरी यायचास नि मार्था वहिनी पँटकडे बघून कपाळाला हात लावायच्या. दुसऱ्या दिवशी तू मुद्दाम गडग्याशी आलास. रात्रभर विचार केला असावास. म्हणालास, "तिथे समुद्र म्हणजे संकटं असा अर्थ आहे, दामू." मी म्हटलं, समुद्राला संकट म्हणणारा माणूस रत्नागिरीचा नव्हता, एवढं तरी त्यातून सिद्ध झालं. त्यावर तू जो हसलास तो मला अजून ऐकू येतो. नुसतं ऐकू येऊन काय करायचंय म्हणा.

तुझ्या कबरीनं सगळ्यांना जेरीला आणलं. वर हातभर माती आणि खाली नुसता कातळ. माणसं पहारीनं जांभा फोडत होती, फोडलेल्या खड्ड्यात पाणी शिरत होतं, ते बादलीनं उपसायचं नि परत फोडायचं. तू आपला चर्चच्या व्हरांड्यात पेटीत थांबलेला. शाळेच्या घंटेआधी वर्गात जाणारा तू, जन्मात पहिल्यांदा कुठेतरी उशिरा गेलास. मग एकदाचं तुला खाली ठेवलं नि पाळकांनी बोलायला सुरुवात केली. म्हणाले, बी मातीत जातं, कुजतं, म्हणूनच त्यातून नवं जीवन येतं. आपले मास्तरही असेच एक दिवस उगवून येतील. सगळ्यांनी माना हलवल्या. माझ्या आजूबाजूला निम्मे आंबा बागायतदार उभे होते, त्यांनीसुद्धा. मला कमाल वाटली. अरे, आपण हापूसवाले. हापूसची कोय पेरली तर हापूस येत नाही, हे आपल्याकडच्या शेंबड्या पोराला कळतं. येतो तो रायवळ. आंबट निघेल, दोऱ्यांनी भरलेला निघेल, काय निघेल त्याचा भरवसा नाही. म्हणून तर कलमं बांधतो. मग तुझ्यातून जो उगवणार तो तूच, हे कशावरून? मला तूच हवा आहेस. छत्री विसरून परत येणारा, बिस्कीट चहात बुडवून हमखास तळाला घालवणारा, मग चमच्यानं ते खाणारा. त्याच्या जागी कोणी तेजःपुंज, निर्दोष शांतवन उगवला तर त्याचं मी काय लोणचं घालू?

हे मी तुला मागेही म्हटलं होतं. तेव्हा तू म्हणालास, "रायवळ काय वाईट रे? रस तर तुला रायवळाचाच लागतो." हे काही उत्तर नव्हतं. पण मला पुढे बोलता आलं नाही. तू नेहमी असंच करायचास, शिंच्या.

मूठभर माती टाकायला मीही पुढे झालो. तांबडा चिखलच होता तो. घरी येऊन हात धुतले तरी नखांत राहिला. ते जाऊ दे.

या झाल्या सगळ्या गमती. आपला खरा वाद एकच होता, आणि तो तू अर्धा टाकून गेलास.

सुमती गेली ती थंडीत. आंबा मोहरत होता. माझा मुलगा पुण्याहून पोचायच्या आधी तू गडगा ओलांडून आलास, या वयात, फाटकातून फिरून यायचं सोडून. सगळं तू केलंस. दहाव्याला पिंड ठेवला, कावळा काही शिवेना, तेव्हा माझ्या शेजारी उन्हात उभा होतास. मी कुजबुजलो, "हेही तसलंच आहे, शांत्या, यावरही माझा विश्वास नाही." तू म्हणालास, "माझाही नाही. पण आपण थांबू या." कावळा आला तेव्हा आधी तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. हे सगळं मला आठवतं. म्हणूनच नंतर जे झालं ते फार लागलं.

तेरावं झालं, मुलगा परत गेला, आणि आपण पुन्हा गडग्यावर बसलो. चहा आला तो आता तुझ्याच घरचा. मी म्हटलं, "शांत्या, एक विचारतो. तुझ्या पुस्तकाप्रमाणे सुमती आता कुठे आहे?"

तू कप खाली ठेवलास. "दामू, ही काय विचारायची वेळ आहे का?"

"मग कधी विचारू? तिचा बाप्तिस्मा झाला नव्हता. ती तुळशीला पाणी घालायची, मंगळवार धरायची. तुमच्याकडे तिचं जमेचं एवढंच, की दर नाताळला तुमच्या करंज्या तिच्या हातच्या असायच्या. चालतं का तेवढं? घेतात का आत?"

तू समुद्राकडे तोंड फिरवलंस. मग म्हणालास, "ते त्याच्या हातात आहे."

त्याच्या हातात आहे. अरे, हे वाक्य मी कचेरीत जन्मभर लोकांच्या तोंडावर फेकत आलो. काम होणार नसलं आणि तसं सांगायचं धाडस नसलं, की आम्ही म्हणायचो, फाईल साहेबांच्या टेबलावर आहे. समोरचा बिचारा मान हलवून जायचा. आता तू माझ्याशी कारकुनासारखा बोलत होतास. तू सरळ नाही म्हणाला असतास तर मी कडकडून भांडलो असतो. हो म्हणाला असतास तर मला कळलं असतं की माझ्यासाठी खोटं बोलतोयस, पण मला झोप लागली असती. तू दोन्ही केलं नाहीस.

आणि तुमच्या तिथे म्हणे कोणी रडत नाही. सगळे अश्रू पुसलेले असतात. मी घरी येऊन त्याचाच विचार करत राहिलो. समजा तू तिथे पोचलास, मार्था वहिनी पोचल्या, आणि सुमती बाहेर. आणि तुमच्या डोळ्यांत पाणी नाही. म्हणजे एक तर तुम्ही तिला विसरलात, नाहीतर ती आठवते पण तुम्हाला काही वाटत नाही. ज्या जागेत शिरताना माणसाला शेजारीण विसरावी लागते, ती जागा मला फुकट दिली तरी नको. हे मी अजूनही म्हणतो. तू गेलास म्हणून माझा प्रश्न चुकीचा ठरत नाही.

तो अख्खा मोसम आपण बोललो नाही. तू तुझ्या बाजूनं पेट्या भरल्यास, मी माझ्या बाजूनं. शेवटी वानरांनी समेट घडवला. टोळीच्या टोळी उतरली नि गडग्यावरून इकडून तिकडे नाचायला लागली. मी इकडून डबा बडवतोय, तू तिकडून बडवतोयस, आणि एक थोराड वानर आपल्या मधोमध बसून माझा आंबा खातंय आणि तुझ्याकडे बघतंय. तू ओरडलास, "दामू, हा तुझ्याकडचा की माझ्याकडचा?" मी ओरडलो, "चतुःसीमा विचार त्याला." झालं. दुसऱ्या दिवशी चहा आला. पण सुमतीचं नाव त्या अर्थानं दोघांनीही काढलं नाही.

वर्षश्राद्धाला तू माझ्या पडवीत बसला होतास. भटजी दर वेळी तिचं नाव नि गोत्र उच्चारत होते. ते गेल्यावर तू विचारलंस, "हे गोत्र परत परत कशाला सांगतात रे?" मी नेहमीच्या तिरकसपणे म्हटलं, "सुमती नावाच्या काय थोड्या बायका असतील वर? दस्तात कसं, नाव, राहणार, मौजे, तालुका सगळं लागतं. नाहीतर भलतीच्याच नावावर जायचं." तू हसला नाहीस. मान हलवलीस, वर्गात एखाद्या पोरानं बरोबर उत्तर दिल्यासारखी.

थोड्या दिवसांनी तू गडग्याशी आलास आणि म्हणालास, "वहिनींचं गोत्र नक्की काय म्हणाला होतास?"

मला तेव्हाच वास आला. ख्रिस्ती माणसाला माझ्या बायकोचं गोत्र कशाला हवं? मनात नाही नाही ते आलं. म्हटलं, मेलेल्या माणसाला मागच्या दारानं बाटवायची काही सोय काढली असेल यांनी. मी सरळ विचारलं, "तुला काय करायचंय त्याचं?" तू म्हणालास, "असंच." तू असंच म्हणून काही विचारणारा माणूस नव्हतास. मी म्हटलं, "कौंडिण्य. घे पाठ करून." तू खरंच ओठातल्या ओठात ते म्हणून बघितलंस आणि गेलास. त्यानंतर कितीतरी दिवस मी तुझ्यावर डोळा ठेवून होतो. आता हा काय करतो बघू. तू काहीच केलं नाहीस. कलमांच्या बुंध्यांना चुना लावलास.

आणि मग या श्रावणात तुझा दमा बळावला. शेवटचा भेटलो तेव्हा तू पडवीत उशांना टेकून बसला होतास, आणि मला बघून म्हणालास, "दामू, तू येशील ना रे?"

मला कळलं होतं तू कुठलं विचारतोयस. मी म्हटलं, "आधी तू जाऊन जागा बघ. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, सगळं लिहून घे. मग कळव." तू हसायला गेलास नि खोकला आला. मार्था वहिनी पाणी घेऊन आल्या. त्या गडबडीत मी उठलो. दुसरं काहीतरी बोलायला हवं होतं, पण तुझ्यासमोर मला दुसरं बोलता कुठे यायचं. तू मला इथे हवा होतास, शांत्या. तिथे नव्हे. इथे, गडग्यावर. एवढंच माझं म्हणणं होतं, आणि ते मी कधी तुला म्हटलं नाही.

तू गेल्यावर आठवड्याभरानं वहिनींकडे गेलो. घरात फारसं कोणी नव्हतं. त्यांनी चहा टाकला, दोन कप काढले, मग तिसरा काढला, तो परत फळीवर ठेवला. दिवेलागणीची वेळ होती. म्हणाल्या, "भाऊजी, आता प्रार्थनेला मी एकटी बसते. नि त्यांचं ते नाव घ्यायची वेळ आली की अडते. मी घ्यायचं की नाही?"

"कुठलं नाव?"

"तुम्हाला म्हाइत नाही होय?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "सुमती वहिनींचं. रोज संध्याकाळी सगळं म्हणून झालं की शेवटी हळूच म्हणायचे. हे प्रभू, सुमती, कौंडिण्य गोत्र, राहणार आमच्या गडग्यापलीकडे. ओळखून घे. मला आधी वाटलं, कौंडिण्य हे कुठल्या गावाचं नाव आहे काय. मग त्यांनीच सांगितलं, गोत्र असतं म्हणून."

मी फळीवरचा तो तिसरा कप बघत होतो.

"आमच्यात गेलेल्यांसाठी मागत नाहीत, भाऊजी. माणूस गेला की त्याचा निकाल लागला, असं आमचं शिक्षण. मी त्यांना म्हटलंसुद्धा, पाळकसाहेबांच्या कानावर गेलं तर काय म्हणतील? तर म्हणाले, मी कुठे काय मागतोय. मी फक्त पत्ता सांगतोय."

घरी येताना मी गडग्याशी बराच वेळ उभा राहिलो. रडलो. लपवण्यासारखं त्यात काही नाही, बघायला तू नव्हतास. मेल्या, तुमच्या प्रभूला गोत्र सांगितलंस? त्याच्याकडे गोत्राचा रकाना तरी आहे का? जन्मभर चर्चच्या पहिल्या बाकावर बसलेला माणूस तू, आणि माझ्या बायकोचा पत्ता चुकू नये म्हणून आमच्या भटजींची रीत तुमच्या प्रार्थनेत घुसवलीस. आणि मला एका शब्दानं बोलला नाहीस. बोलला असतास तर मी टिंगल केली असती, हे तुला ठाऊक होतं.

मग माझं डोकं नेहमीसारखं चालायला लागलं. दार बंदच आहे अशी तुझी खात्री असती तर तू रोज सांगत बसला नसतास. दार उघडं आहे अशी खात्री असती तरीही बसला नसतास. म्हणजे तुला खात्रीच नव्हती. त्याच्या हातात आहे, असं मला म्हणालास खरा, पण त्याच्या हातावर तुझाही पुरता भरवसा नव्हता. तो विसरेल, गोंधळ करेल, तिला भलत्याच रांगेत उभी करेल, म्हणून तू रोज संध्याकाळी टेबलाशी जाऊन आठवण करून देत होतास. आणि मी समजत होतो की संशय घेणारा मी एकटा, तू आपला निवांत. इतकी वर्षं शेजारी बसलो आणि हे मला कळलं नाही. कळलं असतं तर आपण दोघं मिळून काळजी केली असती. ती मला जास्त आवडली असती.

एवढ्यानं मी तुझी ती जागा मान्य केली असं समजू नकोस. नोंद झाली म्हणजे जागा असतेच असं नाही. भरतीच्या पाण्याखाली असलेल्या जागांचे दस्त मी माझ्या हातांनी नोंदलेत. मार्था वहिनींना मात्र मी सांगितलं, नाव घ्या. त्या म्हणाल्या, "तुमचा विश्वास नाही ना पण?" मी म्हटलं, "त्यावर नाही. पण ते सोडू नका."

परवा अविधवा नवमी झाली. सुमतीचं श्राद्ध. भटजी आले, आपले ते स्कूटरवाले, घाईत, अजून चार घरं घ्यायची होती. तिचं झालं. मग तर्पणाला बसलो, तीळपाणी सोडता सोडता ते एकेक विचारत होते. आई, वडील, आजोबा, सासरे. मग म्हणाले, "आणखी कोणी आप्त, गुरू, मित्र?" दर वर्षी मी नाही म्हणतो आणि उठतो. यंदा म्हटलं, "मित्र आहे. शांतवन."

भटजींनी मान वर केली. "पलीकडचे मास्तर? काका, ते तर ख्रिस्ती."

"होय."

"त्यांना गोत्र कुठलं?"

"त्यांच्यात नसतं."

त्यांनी पळी खाली ठेवली. कोवळा माणूस आहे, मला दुखवायचं नव्हतं त्याला. म्हणाला, "बरं, गोत्र माहीत नसलं की काश्यप म्हणायची पद्धत आहे. तसं म्हणू या?"

"नको. कौंडिण्य म्हणा. आमचंच लावा त्याला."

"काका, तसं चालत नाही हो. तुमच्या गोत्रात ते कसे? नि हे श्राद्ध त्यांना..."

"मी श्राद्ध कुठे करतोय," मी म्हटलं. "मी फक्त पत्ता सांगतोय."

भटजी माझ्याकडे बघत राहिले. मग मीच हातावर पाणी घेतलं आणि माझ्या आवाजात म्हटलं, शांतवन, कौंडिण्य गोत्र, राहणार आमच्या गडग्यापलीकडे. ओळखून घ्या.

कोणाला म्हटलं, ते मला विचारू नकोस.